ज्याची त्याची चूक

माधव कडलग गेल्याचा फोन मला सलीम मुलाणीने केला. मी राहतो कडलगांच्याच सोसायटीत, पिंपळे सौदागरला, त्यांच्या शेजारच्या विंगमध्ये. माझ्या गॅलरीतून त्यांची गॅलरी दिसते. सलीम राहतो काळेवाडीला. तरी बातमी काळेवाडीहून आमच्याकडे आली. "निकमभाऊ, साहेब गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, तितंच... तुमी खाली या, मी गेटवर हाय," एवढंच तो म्हणाला. मी खाली उतरलो तेव्हा तो वॉचमनशी हुज्जत घालत होता. आमच्याकडे बाहेरच्या माणसाला आत सोडण्याआधी ज्याच्याकडे जायचं त्याने मोबाइलवरून होकार द्यावा लागतो, आणि होकार देणारा माणूसच उरला नव्हता. मी वॉचमनला हात केला आणि आम्ही दोघे वर गेलो. पुढे कळलं की कडलगांच्या पत्नी सुनंदावहिनींनी पहिला फोन सलीमलाच केला होता. मला ते जरा लागलं. कडलगांशी माझी ओळख सलीमच्या कितीतरी आधीची. पण आता काही आठवड्यांनी शांतपणे विचार करताना वाटतं, वहिनींचं बरोबर होतं. माझी आणि कडलगांची मैत्री होती. सलीमचं आणि त्यांचं जे होतं त्याला मैत्री म्हणणं पुरेसं नाही.

कडलग संगमनेरकडचे. डिप्लोमा करून भोसरीत एका शेडमध्ये लागले आणि तिथून आमच्या चाकणच्या कंपनीत आले. मोटारींच्या सीटखाली आणि दारांत बसणारे पत्र्याचे भाग आम्ही बनवायचो. म्हणजे ते बनवायचे, मी स्टोअर्समध्ये होतो. स्टोअर्सवाल्याचा स्वभाव जरा वेगळा असतो. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक ठरलेला कप्पा आहे आणि ती तिथं ठेवली की आपलं काम संपलं, असं त्याला मनापासून वाटतं. कडलगांना वाटायचं की प्रत्येक गोष्टीला एक कारण आहे आणि ते सापडेपर्यंत काम संपत नाही. कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. नाशिक फाट्यापासून पुढे वाहतूक अशी तुंबायची, की वाद कितीही मोठा असो, चाकण येईपर्यंत त्याचा निकाल लागलेला असायचा. बहुतेक वेळा त्यांच्या बाजूने, कारण मला मध्येच डुलकी लागायची.

कारखान्याशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एक रीत सांगायला हवी, नाहीतर कडलग कळणार नाहीत. आमच्या पट्ट्यात काही बिघडलं की सगळे फळ्यासमोर उभे राहतात आणि 'का' विचारत सुटतात. भाग वाकडा आला. का? साचा झिजला होता. का झिजला? वेळेवर घासला नाही. का नाही? वेळापत्रकात नव्हतं. असं पाच वेळा विचारलं की मूळ कारण हाती लागतं, असा समज आहे. 'व्हाय-व्हाय' म्हणतात याला. त्यात एक पाळायचा नियम असतो, तो म्हणजे उत्तरात माणसाचं नाव येता कामा नये. 'रामभाऊने लक्ष दिलं नाही' हे उत्तर धरत नाहीत. रामभाऊच्या डोक्यावरचा दिवा मंद होता का, त्याला नीट शिकवलं होतं का, हे शोधायचं. हेतू चांगला आहे. नाहीतर ऑपरेटरच्या माथी खापर फोडून साहेबलोक जेवायला जातात. कडलग या विद्येतले उस्ताद होते. नव्याने आलेल्या मुलांना तेच शिकवायचे. "माणूस हे कारण नसतं रे, माणूस हे लक्षण असतं," असं ते फळ्याकडे पाठ करून म्हणायचे, आणि मुलं ते लिहून घ्यायची.

ही सवय ते घरीही आणायचे. सोसायटीची लिफ्ट अडकली तर आत अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्याआधी यांचे 'का' सुरू. एकदा मी त्यांच्याकडे बसलेलो असताना दूध उतू गेलं. कडलग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि पहिला 'का' टाकला. वहिनी फडक्याने ओटा पुसत म्हणाल्या, "मी गॅलरीत गप्पा मारत होते म्हणून. झालं?"

"पण गॅस चालू असताना गप्पा का..."

"माझी मर्जी."

कडलग परत येऊन बसले. त्यांच्या सगळ्या विद्येत 'माझी मर्जी' याच्या पुढचा 'का' नव्हता. मला त्या दिवशी बिनदुधाचा चहा मिळाला आणि हसू काही आवरलं नाही.

आता त्या अपघाताविषयी. आमच्याकडे एक जुनी प्रेस होती. पायाने पेडल दाबलं की तिचा वरचा भाग दणकन खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. ऑपरेटरच्या समोर दोन खांबांच्या मधे प्रकाशाच्या किरणांचा पडदा असतो. त्यात हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. हा पडदा म्हणजे हाताचा राखणदार. त्या दिवशी तो विनाकारण चिडत होता. हात नसतानाही प्रेस थांबवायचा, पुन्हा सुरू केली की पुन्हा थांबवायचा. दुपारची शिफ्ट सुरू झालेली, माल न्यायला ट्रक उभा, आणि ज्या कंपनीला माल जायचा तिथली लाइन आमच्या भागांवाचून खोळंबलेली. पडदा बंद ठेवून प्रेस चालवायची एक किल्ली असते. ती फक्त दुरुस्तीच्या वेळी वापरायची असते आणि ती कडलगांच्या खिशात असायची. फोरमनने मागितली, कडलगांनी दिली. "आजच्या शिफ्टपुरतंच. अडकलेला तुकडा चिमट्यानेच काढायचा, हात आत जाता कामा नये," असं त्यांनी ऑपरेटरला समोर बोलावून बजावलं. तो ऑपरेटर म्हणजे सलीम. चाकणच्या जुन्या मुलाणी घरातला, पंचविशीचा, त्या खात्यातला सगळ्यात चपळ हात, आणि त्या चपळाईचा थोडा तोराही. तासाभरात एक तुकडा साच्यात अडकला. चिमटा बाजूलाच होता. सलीमने हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीच्या बैठकीला मलाही बोलावलं होतं, कारण पडद्याचा सुटा भाग स्टोअर्समध्ये का नव्हता, हा एक 'का' माझ्या दिशेने येणार होता. तो आला. मी सांगितलं, मागणीच आली नव्हती. मागणी का आली नाही, तर तपासणी झाली नव्हती. असं करत करत गाडी 'देखभालीच्या वेळापत्रकात त्रुटी' या स्टेशनावर येऊन थांबली, जिथं ती नेहमीच थांबते. सगळे सैल झाले. कुणीतरी चहाचं विचारलं. तेवढ्यात कडलग उठले, फळा पुसला, आणि मध्यभागी लिहिलं, 'किल्ली मी दिली.' आणि जागेवर येऊन बसले.

प्लँट हेड म्हणाले, "माधव, पुढचा 'का' लिही."

"पुढचा नाही, साहेब."

"अरे असं कसं? किल्ली का दिली, तर ट्रक उभा होता. ट्रक का उभा होता..."

"ट्रक रोजच उभा असतो. मी रोज किल्ली देत नाही."

प्लँट हेड वाईट माणूस नव्हता. त्याची खरीच पंचाईत झाली होती. "आणि यावर उपाय काय लिहायचा? माधव कडलगला बदललं, असं लिहू?" तो वैतागून म्हणाला. कडलग म्हणाले, बदलायचं असेल तर बदला, पण वेळापत्रकाने किल्ली दिली असं माझ्यासमोर लिहू नका. अहवालात शेवटी वेळापत्रकच गेलं. नवा पडदा बसला, किल्लीची सोयच काढून टाकली. कडलगांना कुणी बदललं नाही, फक्त त्यानंतर कधी वर चढवलंही नाही.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना चांगलंच झापलं. म्हटलं, इतकी वर्षं मुलांना शिकवता की माणूस हे कारण नसतं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा स्वतःचाच कायदा मोडता? ते खिडकीबाहेर बघत होते. मोशीच्या आसपास असू. म्हणाले, "निकम, यंत्राच्या बाबतीत तो कायदा बरोबरच आहे. साचा काही ठरवून झिजत नाही. पण 'का'च्या मागे 'का' लावत गेलं ना, की प्रत्येकाच्या मागे दुसरा कुणीतरी उभा सापडतो. माझ्या मागे ट्रक, ट्रकच्या मागे त्या कंपनीची लाइन, तिच्या मागे गाड्या बुक करून बसलेली माणसं... शेवटी बोटं कापली जातात आणि कापणारा कुणीच नसतो. त्या क्षणी किल्ली माझ्या खिशात होती. ती खिशातच राहू शकली असती. एवढं मला माहीत आहे." मी म्हटलं, तुमच्या जागी दुसरा असता तर त्यानेही दिली असती. ते म्हणाले, "असेल. पण दुसरा नव्हता." पुढे मी म्हटलं की तुमचा नाइलाज होता. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "इलाज होता. महाग होता."

मला हे पटलं का? खरं सांगायचं तर अर्धंच. माणूस मोकळा असतो, ठरवू शकतो, हे ऐकायला बरं वाटतं. पण मी स्टोअर्समध्ये बसून पाहिलेली माणसं फार मोकळी नव्हती. बीडहून, लातूरहून आलेली, गावाकडे पैसे पाठवणारी, ओव्हरटाइमला नाही म्हणता न येणारी. त्यांना जाऊन 'तू ठरवू शकतोस' म्हणणं मला कधीकधी क्रूरपणाचं वाटे. शिवाय कडलगांच्या त्या कबुलीत मला थोडा अहंकारही दिसायचा. सगळा दोष आपलाच म्हणणारा माणूस सगळं आपल्याच हातात होतं असंही म्हणत असतो. हे मी त्यांना तोंडावर बोललो होतो. ते म्हणाले, "असेल तसं." ते वाद जिंकून बसायचे, पण आरोप लगेच मान्य करायचे. त्यामुळे त्यांच्याशी भांडण्यात फारसं समाधान नव्हतं.

सलीमला त्यांनी कंपनीत बैठं काम मिळवून दिलं. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायची, पंख्याखाली बसायचं, महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. कडलग जाता-येता त्याच्यापाशी थांबायचे, डब्यातलं काहीतरी द्यायचे. सणाला त्याच्या घरी जायचे, त्याच्या आईपुढे मान खाली घालून बसायचे. दर भेटीत एकदा तरी "माझ्यामुळे झालं" म्हणायचे. आणि वर्षभरात सलीमने नोकरी सोडली. कडलग फार दुखावले. मला घेऊन त्याच्या घरी गेले, म्हणाले, बसून पगार मिळत होता, कुणी काही बोललं का तुला? सलीम म्हणाला, "कुनी काय बी बोललं न्हाई साहेब. पर बसून ऱ्हायचं का न्हाई ते मी ठरवनार का तुमी?" त्याच्या आईने आम्हाला चहा दिला आणि मुलाच्या वतीने माफी मागितली. त्यावर सलीम उठून बाहेरच गेला. तेव्हा आम्हाला तो हेकट वाटला.

त्याच्या मनात काय होतं ते पुढच्या सुरक्षा सप्ताहात कळलं. मार्च महिन्यात आमच्याकडे हा सप्ताह पाळतात. बॅनर लागतात, शपथ होते, पेढे वाटतात. कडलगांनी आग्रहाने सलीमला बोलावलं होतं. सगळ्या कामगारांसमोर ते माइकवर म्हणाले की या मुलाची बोटं माझ्यामुळे गेली, फक्त माझ्यामुळे, माझी चूक तुम्ही लक्षात ठेवा. समोर काही जण डोळे पुसत होते. सलीम खुर्चीवरून उठला आणि त्यांच्या हातातला माइक त्याने जवळजवळ काढूनच घेतला.

"साहेब मोठ्या मनाचे हायेत," तो म्हणाला. "पर ह्ये खरं न्हाई. पेडलवर पाय कुनाचा व्हता? माझा. पडदा बंद हाय ह्ये मला ठाव व्हतं. चिमटा हाताशी व्हता. मला वाटलं, मी लई फास्ट हाय. ह्ये माझं मला वाटलं, साहेबांनी न्हाई सांगितलं. समदीच चूक साहेबांची असंल, तर मंग मी कोन व्हतो तितं? मशीनचा पार्ट?"

प्लँट हेडच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ऑपरेटरनेच भर सभेत कबूल केलं, आणखी काय हवं? सलीमने ते पाहिलं. माइकवरूनच प्लँट हेडकडे वळून तो म्हणाला, "तुमी खूश हू नका, साहेब. माझी चूक माझी हाय म्हनून तुमच्या लोकांची कमी व्हत न्हाई." पेढे वाटायचे राहूनच गेले.

कडलगांना आधी वाटलं की सलीमने त्यांना माफ केलं. मग वाटलं की अपमान केला. मला वाटतं, दोन्ही नव्हतं. पुष्कळ दिवसांनी सलीमने मला त्याचा अर्थ सांगितला, तोपर्यंत चाकण सोडून काळेवाडीला राहायला येऊन त्याने तिथं हेल्मेट आणि सीट कव्हरचं दुकान टाकलं होतं. "भाऊ, हात गेल्यापासून घरात समदी मला बिचारा म्हनत्यात. बिचाऱ्याला खायला देत्यात, दवाखान्यात नेत्यात, पर काय बी इचारत न्हाईत. बहिनीची शादी ठरली, मला तारीख धरल्यावर कळलं. ज्याच्यासंगं नुसतं घडतंय त्याला कोन इचारतंय? आन् साहेब दर टायमाला येऊन आईसमोर म्हनायचे, समदं माझ्यामुळं झालं. त्यांना वाटायचं ते माझं वझं उचलत्यात... पर ते मलाच उचलून बाजूला ठिवत व्हते." हे ऐकताना मला कडलगांची कीव आली आणि सलीमचीही. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, आपण केलं ते आपलं म्हणून मोजलं जावं. आणि एकाने ती सगळी घेतली की दुसऱ्याला काही उरत नव्हतं.

हे मी कडलगांना सांगितलं. ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. वहिनी सांगत होत्या, नुसते गॅलरीत उभे असायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रहाटणीवरून चालत काळेवाडीला गेले आणि सलीमच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसले. काय बोलले मला ठाऊक नाही. दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर सलीमच्या आईपुढे मान खाली घालणं थांबलं, आणि निवृत्त झाल्यावर तर तो बाक ही त्यांची रोजची संध्याकाळची जागा झाली.

तिथं बसून दोघं भांडायचे. मी अधूनमधून जायचो ते हे भांडण ऐकायलाच. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, पोलिसांना दाखवण्यापुरतं हलकंसं हेल्मेट द्या. कडलग बाकावरून म्हणाले, देऊ नकोस. सलीम म्हणाला, "का? डोस्कं त्याचं हाय. मी त्याला चांगलं दावलं, ह्ये बी दावलं. तो घेतोय."

"आणि विकतोय कोण?" कडलगांनी विचारलं.

सलीमने त्या दिवशी ते हेल्मेट विकलं. पण काही दिवसांनी मी गेलो तेव्हा तो माल दुकानातून गायब होता. मी विचारायच्या आधीच तो कडलगांकडे बोट करून म्हणाला, "ह्यांचं ऐकून न्हाई. माझं मला पटलं." कडलग म्हणाले, तेच तर हवं होतं. दोघेही अगदी खूश दिसत होते, आणि विक्री घटली हे दोघांच्याही गावी नव्हतं.

दुकानात नवा माणूस आला की त्याची नजर सलीमच्या हातावर जायचीच. कुणीतरी विचारायचं, भाऊ, हात कशात गेला? मग एक ठरल्यासारखा प्रकार व्हायचा. सलीम सांगायचा, "प्रेसमदी. पडदा बंद हाय ह्ये ठाव असून मी हात घातला." आणि बाकाकडे बघायचा. बाकावरून कडलग म्हणायचे, "आणि पडदा बंद ठेवायची किल्ली मी दिली." गिऱ्हाईक बिचकून दोघांकडे पाहायचं. त्याला वाटायचं, आता यांचं जुंपणार. मग सलीम विचारायचा, "कंचा कलर दाखवू?" हा प्रकार मी किती वेळा पाहिला असेल सांगता येत नाही, पण दर वेळी मला आत कुठेतरी शांत वाटायचं. मी उभ्या आयुष्यात चूक वाटून घेताना माणसं पाहिली आहेत. निम्मी तुझी, पाव माझी, उरलेली परिस्थितीची. इथं वाटणीच नव्हती. एकाची पुरी होती आणि दुसऱ्याचीही पुरी होती, आणि त्यामुळे कुणाचीच कमी होत नव्हती. माझ्या कप्प्यांच्या हिशोबात हे बसत नाही. पण होतं असं.

कडलगांसाठी आमच्या क्लब हाउसमध्ये सभा ठेवली. फोटोला हार, समोर खुर्च्या, सोसायटीची माणसं, कंपनीतले जुने सहकारी. मेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं ही आपली रीत, आणि ती चांगलीच रीत आहे. मीही चार शब्द बोललो, लिफ्टचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग आमचे त्या वेळचे प्लँट हेड उठले. आता केस पांढरे झालेत, काठी घेऊन आले होते. त्यांनी तो अपघात सांगितला, फळा पुसल्याचं सांगितलं. ते मनापासून हेलावले होते, यात मला शंका नाही. म्हणाले, "दोष खरं तर यंत्रणेचा होता. माधवचा काही संबंध नव्हता. पण त्याने दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतली. अशी निर्दोष, मोठ्या मनाची माणसं आता होणे नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असेल.

मागच्या रांगेतून सलीम उठला. तो मोठ्याने बोलला नाही, पण क्लब हाउस लहान आहे.

"दुसऱ्याची न्हाई, साहेब. त्यांचीच व्हती. किल्ली त्यांनी दिली, आन् ते जलमभर त्येच सांगत व्हते. आता ते बोलाया न्हाईत म्हनून त्यांची चूक त्यांच्याकडनं काढून घिऊ नका. माझी माझ्यापाशी हाय. त्यांची त्यांच्यापाशी राहू द्या."

सोसायटीचे सेक्रेटरी घाईघाईने उठले आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या म्हणाले. पण वहिनींनी हाताने त्यांना थांबवलं. त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मागे वळून म्हणाल्या, "सलीम, इकडे पुढे ये." शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. तो येऊन बसल्यावर प्लँट हेडकडे पाहून त्या म्हणाल्या, "तो खरं बोलतोय, साहेब. यांनीच दिली होती." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता. मग सगळे उभे राहिले.

बाहेर चपलांच्या ढिगात सलीम आपली चप्पल शोधत होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अरे, बरोबर असेल तुझं, पण सभेत असं बोलायचं असतं का? त्याने चप्पल पायात सरकवली. त्याचा चेहरा रडून सुजला होता.

"मंग काय करायचं व्हतं, भाऊ? मेल्यावर त्यांना बी बिचारा करायचं व्हतं?"

परवा मी काळेवाडीला गेलो होतो. बाक तिथेच आहे, मी त्यावर बसलो. एक तरुण हेल्मेट बघत होता. बघता बघता त्याने सलीमच्या हाताकडे पाहून विचारलंच. "प्रेसमदी," सलीम म्हणाला. "पडदा बंद हाय ह्ये ठाव असून मी हात घातला." मग तो थांबला, बाकावरच्या माणसाला बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मी गप्प राहिलो, ते वाक्य माझं नव्हतं. मग सलीमने ते स्वतःच म्हटलं, "आन् किल्ली माझ्या साहेबांनी दिली." आणि त्या तरुणाला विचारलं, कंचा कलर दाखवू.